जीन्सची नीळ

२ फेब्रुवारी

राजारामपुरीतून नवी जीन्स घेतली. गडद निळी. इतकी कडक की पाय नसतानाही उभी राहते. दुकानदार म्हणाला, पावणं, सुरवातीला थोडा रंग जाईल बघा. मी म्हणालो, माहिताय. काही माहीत नव्हतं, पण दुकानात गप्प बसलं की आपल्याला येडं समजतात.

२३ तारखेला फुटबॉलची फायनल. आमची तालीम विरुद्ध पलीकडच्या पेठेची तालीम. तालमीत हल्ली शड्डू कमी आणि फुटबॉलच जास्त. यंदा टीमचा मॅनेजर मी आहे. मॅनेजर बाकड्यावर बसतो, सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघतं. म्हणून जीन्स.

संकल्प : हिचा रंग एकाही वस्तूला लागू द्यायचा नाही.

३ फेब्रुवारी

गाडीची क्रीम सीट निळी झाली. सीटला क्रीम रंग देणारा माणूसच मुळात बिनडोक. मांड्याही निळ्या झाल्यात. क्रांतीनं विचारलं, कुठं मार खाऊन आलाय? बायकोला प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे असं नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी

मोबाईलवर व्हिडिओ बघितले. सगळ्यांचं म्हणणं एकच. जीन्स उलटी करायची, गार पाण्यात मीठ आणि व्हिनेगर घालून भिजवायची, आणि इतर कपड्यांपासून लांब ठेवायची. एवढ्यासाठी लोक व्हिडिओ काढतात!

व्हिनेगर घरात नाही. कोपऱ्यावर मिळतं, पण ऊन मरणाचं. आंबट ते आंबट, म्हणून आमसुलं टाकली. खडेमीठ टाकलं. उलटी करायची राहिली. क्रांती डोकावून म्हणाली, जिरं आणि कोथिंबीर पण टाका की, वाट्या घेऊन येते.

६ फेब्रुवारी

जीन्सला सोलकढीचा वास येतोय. रंग मात्र पक्का. ओला पांढरा रुमाल घासून खात्री करा म्हणतात. ज्यांना स्वतःच्या कामावर भरवसा नाही त्यांनी करावी.

९ फेब्रुवारी

सासुरवाडीला जेवायला गेलो. क्रांतीचं माहेर म्हणजे तीच पलीकडची पेठ. त्यांची जर्सी आकाशी, आमची पांढरीशुभ्र. लग्न ठरलं तेव्हा तालमीत बरेच दिवस माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

सासरे गणपतराव म्हणजे त्यांच्या तालमीचे जुने गोलकीपर. त्यांच्या नव्या सोफ्यावर बसलो. उठलो तर मागे माझ्या बैठकीचा निळा नकाशा. सासरे चिडले नाहीत. म्हणाले, जावई वरनं पांढरं दिसत्यात, आतनं आमच्याच रंगाचं हायत की! सगळं घर हसलं. सोफ्याचं कापड हलकं होतं, पण बोललो नाही. रागाच्या भरात पांढरा रस्सा तीनदा घेतला.

१५ फेब्रुवारी

तालमीत मीटिंग. लाँड्रीवाला केरबा मेव्हण्याच्या लग्नाला राधानगरीला गेलाय. फायनलच्या जर्सी धुणार कोण? मी हात वर केला. कॅप्टन आकाराम म्हणाला, ह्याच्या घरात त्यांची पोरगी हाय, जर्सी तिकडं नगो.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. चालता येत नव्हतं तेव्हापासून मी ह्या तालमीच्या मातीत लोळलोय. शेवटी आमचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, धैर्या, तुझ्यावर सोडतोय. पांढऱ्याफेक पायजेत. डाग दिसला तर बाकड्यावर न्हाई, गेटच्या भाईर. मी म्हणालो, नीळ घालून अशा चमकवतो की दूध लाजेल.

घरी आल्यावर क्रांतीला बजावलं, जर्सीला तू हात लावायचा नाही, तालमीच्या अब्रूचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कोण लावतंय.

१९ फेब्रुवारी

जर्सी अजून पोत्यात. चिखल मुरू द्यावा लागतो.

२२ फेब्रुवारी, सकाळी

उद्या फायनल. निळीची बाटली रिकामी. क्रांती म्हणाली, आणून देऊ का? मी थांबवलं. डोकं चालवलं. जीन्सला रंग कशाचा असतो? निळीचाच की! घरात एवढी मोठी नीळ दोरीवर लटकत असताना दुकानात कशाला जायचं? शिवाय रंग पक्का झालाय, सुटला तर थेंबभर सुटेल, आणि आपल्याला थेंबभरच पाहिजे. व्हिडिओवाल्यांना हे सुचलं नाही.

मशीनमध्ये जर्सी, वर जीन्स. पाणी कडक गरम.

दुपारी १

नीळ लागू पडली.

दुपारी १.१०

जरा जास्तच लागू पडली.

दुपारी २

उन्हात उडेल.

संध्याकाळी

उडाली नाही. सगळ्या जर्सी आकाशी. कुठंही पट्टा नाही, ठिपका नाही, एकसारख्या. एवढं सफाईदार काम केरबाला जमलं नसतं. एकीवर ब्लीच टाकून बघितलं. नंबर गेला, निळा राहिला.

क्रांती गच्चीवर आली, दोरीकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं. मग फोटो काढला. कुणाला पाठवतेस म्हणालो, तर म्हणाली, बाबांना.

२३ फेब्रुवारी

ड्रेसिंग रूममध्ये पोतं उघडलं. मी निळीचा मुद्दा शांतपणे समजावून सांगितला. आकाराम म्हणाला, म्हनलं नव्हतं? हंबीररावांनी नुसतं गेटकडं बोट केलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रेफरीनं दोन्ही टीम एका रंगात खेळवायला नकार दिला. पोरं शेवटी गणपती मिरवणुकीच्या भगव्या टी-शर्टात उतरली. पाठीवर नंबर नाही, टायरच्या दुकानाची जाहिरात.

मी गेटच्या बाहेर. आतून तीनदा आरोळी आली. तिन्ही वेळा पलीकडच्या पेठेच्या बाजूनं.

मॅच सुटल्यावर त्यांची पोरं हलगी वाजवत बाहेर आली आणि मला बघितल्यावर खांद्यावरच घेतलं. मी खाली उतरवा म्हणत होतो, पण हलगीत ऐकू जात नाही. पुढं सासरे नाचत होते. तेवढ्यात हंबीरराव शेजारून गेले. वर बघितलं, आणि मान फिरवली.

२४ फेब्रुवारी

तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही दिसत नाही. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

२६ फेब्रुवारी

सासुरवाडीला सत्कार झाला. शाल, नारळ, आकाशी फेटा. सत्कार तो सत्कार, नाही कसं म्हणायचं. सासूबाईंनी सोफ्यावर आधी चादर टाकली आणि मग मला बसवलं. उठलो तर सगळे वाकून बघायला लागले. डाग नाही! मी स्वतः रुमाल ओला करून जीन्सच्या मांडीवर खसाखसा घासला. रुमाल पांढराफेक. रंग जायचा थांबला. पहिल्या दिवशी ठरवलं होतं ते मी करून दाखवलं.

ही गोष्ट तालमीच्या माणसांना कळली पाहिजे असं वाटलं. येताना रुमाल घेऊन हंबीररावांच्या दारात गेलो. कडी वाजवली. आतून त्यांनी विचारलं, कोण हाय? म्हणालो, मी धैर्या.

दार उघडलं नाही. मग आतूनच म्हणाले, पावणं, पेठ चुकलासा.