भरतीची माणसं

१८ नोव्हेंबर २०२५

गोळी बेसिनमध्ये! सलग एकविसावा दिवस. संघरत्नाला पत्ता नाही. बायको चांगली आहे, पण त्या डॉक्टरच्या बाजूची झालीय. डॉक्टर विचारतो, "कानात आवाज येतात का?" अहो, तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवतोय, आवाज नाही येणार तर काय येणार? गोळीने बोटं जड होतात, कान बंद पडतो. सुराशिवाय जगायचं ते तुम्ही जगा!

२१ नोव्हेंबर

वळ गावात लग्न. आमचे बँडमास्तर केसरीनाथ कानाशी येऊन म्हणतात — "नरेंद्र, तू नुसता उभा राहा. बास." नुसता उभा? मी काय भरतीचा आहे? रांग मोठी दिसावी म्हणून तीन माणसं आणतात, लाल पोशाख चढवतात, हातात बाजा देतात — फुंकायचं नाही, नुसते गाल फुगवायचे. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

आज गाणं मधेच सोडलं आणि भलतीकडेच गेलो. जॅझ! माझे गुरू सावळाराममास्तर हॉटेलात वाजवायचे. म्हणायचे, लिहिलेलं संपलं की आपलं सुरू होतं. काय वाजवलं आज! जन्मात असं वाजवलं नव्हतं. आणि कुणी मान वळवून बघेल तर शपथ. एक म्हातारा तेवढा ओरडला, "वाजीव की रं!" त्याला कळलं. अजून हवं होतं त्याला.

२२ नोव्हेंबर

दुपारी दोन तास रियाज. शेजारची धोंडूबाई पूर्वी भिंत बडवायची. दोन-तीन आठवडे झाले, चकार शब्द नाही. आला एकदाचा कान तिला!

२५ नोव्हेंबर

केसरीनाथ घरी आले. चहा माझ्यासमोर प्यायले, बोलले संघरत्नाशी. "वहिनी, या सीझनला त्याला आराम करू दे." पोशाख परत मागितला! माझा पोशाख!

मी म्हटलं, पडघ्याच्या वरातीत रेकॉर्डिंग करतो. ते ऐका, मग बोला. माझा सूर कमी पडला तर पोशाख स्वतः धुऊन, इस्त्री करून आणून देईन. संघरत्ना रडायला लागली. यात रडण्यासारखं काय आहे?

३० नोव्हेंबर

पडघा. भर दुपार. लेक मृणाली मोबाईल धरून अख्खी वरात माझ्या शेजारून चालली. झक्कास झालं! ट्रम्पेटवाल्याला पार झाकून टाकला. हायवेवरचे ट्रकसुद्धा ऐकू येईनात. आता या म्हणावं मास्तर!

१ डिसेंबर

रेकॉर्डिंग मागितलं. "मेमरी फुल होती, पप्पा." खोटं बोलते. मान वर करत नव्हती.

२ डिसेंबर

परत मागितलं. "पप्पा, आधी गोळी घ्या, मग देते." ही पण त्यांना सामील! घेणार नाही. मोबाईल दे.

३ डिसेंबर

दिला शेवटी. ऐकलं. अकरा मिनिटं.

ट्रम्पेट आहे. ढोल आहे. ट्रक आहेत. अगदी जवळून मृणाली आहे — "पप्पा, फुंका ना." सॅक्सोफोन नाही. परत लावलं. नाही.

संघरत्नाकडे गोळी मागितली, तिच्यासमोर गिळली. पोशाख मात्र देणार नाही, मास्तर! सॅक्स काढला, पोटातून जोर लावून फुंकला. फाटका, खरखरीत, एकच सूर. भिंतीवर धपाधप — "मेल्या, कान फुटले माझे!"

बडव, धोंडूबाई. अजून बडव.