रखवालदाराचं शेवटचं वाक्य

३ मार्च, मंगळवार
तारीख मी सांगितली. लिहिणारीला आठवत नव्हती. ब्रेंडा, ही वही पुढे तूच मला वाचून दाखवणार आहेस, म्हणून आधी हे लिहून ठेव: चष्मा डोक्यावर आहे, शोधू नकोस. बासष्टीची मुलगी आणि ही तऱ्हा. मी पंच्याऐंशीची. अक्षराशी कधी गाठ पडली नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागलं. त्यातलं काही सांडत नाही.
संकल्प: ‘दूरचा दिवा’चा नवा हंगाम बघायचा नाही. एकसष्ट वर्षं बघितला, पुरे झाला. आकाशाच्या टोकाला दीपगृह, त्यात एकटा रखवालदार, जाणाऱ्या-येणाऱ्या यानांना दिवा दाखवतो. एवढंच होतं, एवढ्यात भागत होतं. आता नववा रखवालदार आलाय. तो दर भागात रडतो. दिव्याकडे लक्ष कोणाचं?

७ मार्च, शनिवार
बघितला. फक्त पाच मिनिटं, नावं ठेवायची तर माहिती हवी म्हणून. मग खुर्चीतून उठायचा कंटाळा आला.
राक्षस आता संगणकातले, गुळगुळीत. पूर्वी राक्षसाच्या हातात रबरी हातमोजे असायचे. तसलेच हातमोजे घालून मी ग्रिम्सबीच्या गोदीवर सोळा वर्षं हॅडक मासा साफ केला. त्या राक्षसाची बोटं गारठलीत हे मला घरबसल्या कळायचं. आताच्या राक्षसाला काही होत नाही. सिनेमे काढले त्यांनी तर तीनही वेळा दीपगृहच उडवलं. उडवायला काय लागतं?
ब्रेंडा म्हणते, आई, तू पूर्ण वेळ बोलत होतीस. बोलत नव्हते, मत देत होते. तुझे वडील होते तेव्हा या कार्यक्रमाला आमच्याकडे कोणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नसे. हे ठळक लिही.

१० मार्च, मंगळवार
डेरेक ओल्डरॉइड येऊन गेला. चाहत्यांच्या मंडळाचा चिटणीस. पूर्वी बस चालवायचा, आता रखवालदाराची टोपी घालून बाजारात जातो.
पहिल्या रखवालदाराचा शेवटचा भाग १९६७ साली एकदाच दाखवला. मग कंपनीने ती फीत पुसली आणि तिच्यावर घोड्यांची शर्यत भरली. घोडे कोणाला आठवतात? आता मंडळ तो भाग चित्रांतून पुन्हा उभा करतंय. बाकी कागदोपत्री मिळालं, पण रखवालदार जाताना काय म्हणाला ते कुठेच नाही. ते आठवणारी जगात मी एकटी.
मी सांगितलं: दिवा राहू दे. कोणी अंधारात पडायला नको.
डेरेकचे डोळे भरले. मग लगेच, बाई, नक्की ना? म्हटलं, बाबा, तू तेव्हा दुपट्यात होतास.
२८ तारखेला क्लीथॉर्प्सच्या हॉटेलात दोनशे माणसांपुढे दाखवणार. मला मंचावर खुर्ची. ‘नोरीन, शेवटची साक्षीदार’ म्हणून. खुर्चीला हात हवेत, असं मी बजावलंय.
संकल्प: भाषण छोटं. मत एकच. फार तर चार.

१७ मार्च, मंगळवार
त्या दिवशी घालायची माझी टोपी शोधताना ब्रेंडाला कपाटावर बिस्किटांचा डबा सापडला. आत क्लेमची टेप. दर शनिवारी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून आवाज भरायचा माझा नवरा. डब्यावर काहीतरी लिहिलंय. ब्रेंडाने वाचलं आणि खालीच बसली. तोच भाग.
डेरेक घरातल्या सपाता घालून धावत आला. म्हणाला, आधी आपण तिघं ऐकू. म्हटलं, मुळीच नाही. सगळ्यांसमोर लाव. लोकांना कळू दे घरातली शांतता कशी असते.
ब्रेंडा म्हणाली, आई, आधी ऐक गं. मला थोडं वेगळंच आठवतंय. तू चार वर्षांची होतीस, मी म्हटलं, आणि चष्मा काल पुन्हा फ्रीजवर होता.

२४ मार्च, मंगळवार
भाषणाचा सराव केला नाही. गुडघा. पाठ असलेल्याचा सराव कशाला?

२८ मार्च, शनिवार
थकले. आज काही लिहू नकोस. कोट काढ फक्त.

३१ मार्च, मंगळवार
लिही.
दिवे मालवले, पडद्यावर चित्रं सुरू झाली, टेपवरून वाऱ्याचा आवाज आला. मग एक बाई म्हणाली, हा कोण आता? हा मागे मेला होता ना? एक माणूस म्हणाला, तो त्याचा भाऊ. बाई म्हणाली, मग मिशा कशा सारख्या? सभागृह हसलं. मीही हसले. मनात म्हटलं, कोण ही भवानी, हिच्या घरच्यांनी कसं सोसलं असेल? तेवढ्यात तो माणूस म्हणाला, नोरीन, जरा ऐकू दे गं.
पंचवीस मिनिटं. ती बाई थांबली नाही. यान फुटलं तेव्हा ती कोळशाबद्दल विचारत होती.
शेवटी रखवालदाराने श्वास घेतला. दोनशे माणसांनी घेतला. आणि बाई म्हणाली, चिप्सवर व्हिनेगर ओतू का? क्लेम म्हणाला, ओत बाई, ओत. वाक्य गेलं त्याखाली. संगीत लागलं. त्यावर पुन्हा क्लेमच: दिवा राहू दे. कोणी अंधारात पडायला नको. जिन्यातला गं. ब्रेंडा उठते मधेच.
पडद्यावर खाली तेव्हा तेच वाक्य लिहून आलं होतं, असं ब्रेंडा सांगते. या वेळी कोणी हसलं नाही.
आवाज माझा नव्हेच, असं म्हणणार होते. पण नाव घेतलं ना त्याने.
डेरेक टोपी हातात घेऊन जवळ आला. हळूच म्हणाला, बाई, मग रखवालदार काय म्हणाला? म्हटलं, मला माहीत नाही. साठ वर्षांत असं पहिल्यांदाच म्हटलं. खुर्चीला हात होते म्हणून उठता आलं.
आज त्याचा फोन. लीड्सला एक जण आहे, टेपवरून तुमचे दोघांचे आवाज पुसून खालचं वाक्य वर काढतो. परवानगी हवी. म्हटलं, पूस. पण आधी आहे तशी नक्कल मला करून आण, माझ्या बडबडीसकट. एकदा पुसलं की वर घोडेच येतात.
शुक्रवारी तो नक्कल घेऊन येतोय. तुला यायला जमणार नाही, म्हणून विसरायच्या आत लिहून घे: दुकानातून दोन हॅडक आणि चिप्स पाठव. व्हिनेगर वरून घालू देऊ नकोस, बाटली वेगळी पाठव. कधी ओतायचं ते मला पाठ आहे.