आजी गोठ्यात बोलायची

प्रिय आई,

तुला आणि आजीला अर्खांगेल्स्कहून वाकून नमस्कार. मी बरी आहे. तू पाठवलेले लोकरीचे बूट उबदार आहेत, जेवणही वेळेवर होतं.

बोलीभाषांच्या संस्थेत माझं कौतुक झालं. उन्हाळ्यात मला आजीची बोली टेपवर घ्यायची होती, आठवतं? पण मशीन समोर ठेवलं की ती रेडिओवरच्यासारखं चार वाक्यं बोलून गप्प बसायची. मी शाळेत जायला लागले तेव्हा तू तिला बजावलं होतंस, "सासूबाई, तुमची बोली पोरीच्या तोंडी बसली तर तीही जन्मभर शेणच काढील. तिच्यासमोर तोंड मिटून बसा." तेव्हापासून ती मोकळेपणी बोलते ती फक्त आपल्या पेस्त्रूखा गाईची धार काढताना. म्हणून मी गोठ्याच्या भिंतीआड लपून टेप केलं. तिला सांगू नकोस.

परवा ते सगळ्यांना ऐकवलं. एकजण म्हणाला, "हिचं बोलणं गाईलाच कळत असेल!" सगळे हसले. मीही हसले. सरांनी विचारलं, "कोण गं ही आजीबाई?"

"ओळखीची नाही, सर. वाटेवरच्या गावातली."

सर म्हणाले, असं बोलणारी माणसं आता थोडीच उरलीत, त्यांना जपायला हवं. मला ते मनापासून पटलं. त्यासाठीच तर मी शिकले.

आजच तुझं पत्र आलं. पेस्त्रूखा विकलीस ते बरं केलंस, शेण-चारा थांबला की तुझ्या गुडघ्यांना जरा आराम पडेल.

पण आई, आजी आता कोणाशी बोलते?

तुझीच,
रिम्मा