एक लॅमिंग्टन, सबंध

११ मार्च, मंगळवार

१. घोड्यांच्या शर्यतींची सरकारी सुट्टी संपली. सकाळच्या चहाबरोबर लॅमिंग्टन होते — चौकोनी केक, वर चॉकलेट आणि खोबऱ्याचा कीस.
२. मी एक खाल्ला. सबंध.
३. डबा औषधकंपनीच्या माणसाने ठेवला होता. हे मागाहून कळले. कीस अजून ओठाला होता.
४. गुरुवारी रुग्णालयाच्या औषधसमितीपुढे त्याच कंपनीच्या रक्तदाबाच्या नव्या गोळीवर मीच बोलणार आहे.

आमच्या विभागात कंपनीचे पेनसुद्धा घेत नाहीत! डॉक्टर झाल्यावर पुन्हा तीन वर्षे आम्ही हेच शिकतो — कुठले औषध खरेच लागते आणि कुठले कोणी गळ्यात मारते आहे. तिसऱ्या वर्षाची जागा एकच. उमेदवार दोन: मी आणि हेमिश. गुरुवारचे काम बघून आमचे विभागप्रमुख पेट्राकिस सर ठरवणार.

डब्यात शेवटी अर्धा तुकडा उरला होता. सुरीने नीट कापलेला.

१२ मार्च

हेमिशला सांगितले. "अगं, एका लॅमिंग्टनची लाच! तिचं अर्धायुष्य ते किती? उद्यापर्यंत रक्तातून साफ!" स्वतः तीन खाल्लेत त्याने.

आईचा फोन. "अजून दुसऱ्या डॉक्टरांची औषधं बंद करत फिरतेस? मग तुला चहाला बोलावतात तरी कशाला?"

गप्प बसले तर जागा मिळेल. बहुधा.

१३ मार्च

सांगून टाकले. बैठकीच्या सुरुवातीला विचारतातच — कंपनीकडून कोणी काही घेतले आहे का? एरवी सगळे नकारार्थी माना हलवतात. मी म्हणाले, "लॅमिंग्टन. एक."

मुख्य परिचारिका नोएलीन: "लिहा माझाही." औषधभांडाराचे डेस्मंड: "दोन. पण एक अगदीच लहान होता." हेमिश, माझ्याकडे रोखून बघत: "तीन! झालं समाधान?"

नियम असा, की ज्याने घेतले त्याने बाहेर जायचे. सगळे बाहेर! आत एकटे अध्यक्ष, पेट्राकिस सर — त्यांना मधुमेह, गोडाला शिवत नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी दार उघडले. "मी एकटाच मत देऊ का?"

गोळी महिनाभर लांबणीवर. नोएलीन जाता जाता: "बाई, उद्यापासून तुझा खाऊ तू घरून आण."

१४ मार्च

सर बोलले नाहीत. लिफ्टमध्येसुद्धा. जागा गेली.

१७ मार्च, सोमवार

सर दारातच उभे राहिले. "रोवेना, तो कापलेला लॅमिंग्टन — दुसरा अर्धा मी खाल्ला होता. समितीला आत्ताच सांगितलं, अध्यक्षपद सोडलं. बायकोला अजून सांगायचंय, तू बोलू नकोस. तिसऱ्या वर्षाची जागा तुझी. हो की नाही, ते बुधवारपर्यंत कळव."