चार इंच जास्तीचे

३ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले दोन काढून घ्यावेत असं वाटतंय, पण एकदा दिलेलं मी परत घेत नाही.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लेखी. माझ्या दोन्ही किडन्यांनी संगनमत करून काम सोडलंय. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो आणि चार तास खुर्चीत पडून समोरच्या पेशंटची कॉलर बघतो. कुठल्या शिंप्यानं शिवली कोण जाणे, एक टोक खिडकीकडे बघतं, दुसरं दाराकडे. तपासायला हवं ते त्या शिंप्याला.

भावंडाची किडनी जुळू शकते, असं डॉक्टर म्हणाले. मी तुला सांगायचा अवकाश, तू स्वतःची देऊ करून मोकळी झालीस. तर नीट वाच: मला तुझी किडनी नको. यादीत नंबर लावलाय, परक्या कुणाची मिळेपर्यंत थांबेन. विषय संपला.

तुझ्या मास्तरांना नमस्कार. तुझ्या बेकरीतल्या बिस्किटांवर तुझा लोभ आहेच, उरलासुरला माझ्यावर असू दे.
तुझा,
दादा


१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. मान नुसती हलवली आहे. वाकण्याइतका तू या खेपेला गोड वागला नाहीस.

तुझं म्हणणं पटलं. मी गप्प बसते. आई-बाबा गेल्यावर माझं डोकं खायला तू एकटाच उरला आहेस, तेव्हा तो नंबर लवकर लागू दे, एवढंच.

एक काम होतं. मला एक कोट शिवून दे. जूनमध्ये एका महत्त्वाच्या ठिकाणी जायचंय. कुठे, ते विचारू नकोस. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. ती बघून हसायचं नाही आणि त्यात ढवळाढवळ करायची नाही.

लोभ आहेच, तो कोटाच्या घडीतून पाठव.
तुझी,
ठमी


२८ मे

चि. ठमीस,
अ. आ. सोबत कोट.

मशीनवर तासभर बसलं की दम लागतो, म्हणून अडीच महिने लागले. मापं वाचून करमणूक मात्र झाली. शाळेचा युनिफॉर्म शिवायच्या वेळीही तू श्वास रोखून पोट आत घ्यायचीस आणि पहिल्याच दिवशी बटण उडवून घरी यायचीस. चाळीस वर्षं कात्री चालवतोय मी. टेप न लावता तुझं माप सांगेन. त्यामुळे कंबर गुपचूप चार इंच वाढवली आहे. आभार मानू नकोस.

यादी जागची हललेली नाही. परवा पाय इतके सुजले की दुकानातून अनवाणी घरी आलो. बाकी ठीक.
दादा


५ जून

ती. दादास,
सा. न. या वेळी खरोखर वाकून केलाय, कारण आता वाकता येतं.

तुझा कोट माझ्या अंगावर गोणीसारखा लोंबतोय. माझ्यासोबत त्यात मास्तर मावतील, त्यांचं भूमितीचं पुस्तकही मावेल. परत पाठवतेय. मी लिहिलेल्या मापाला कर आणि झटपट कर, वीस तारखेला घालायचाय. त्या चाळीस वर्षांच्या कात्रीला माझा नमस्कार सांग.
ठमी


१० जून

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. ठमी एवढी वाळली कशी, तिला कसला आजार झालाय, आम्ही काय लपवतोय, हे आपण एका पानात चार वेळा विचारलंत. तिनं मला शपथ घातली आहे. पण मी भूमिती शिकवणारा माणूस, मला खोटं रचता येत नाही. शिवाय ही काळजी आपल्या तब्येतीला झेपायची नाही.

तिला काहीही झालेलं नाही. आपलं डायलिसिस नसलेला वार गाठून मार्चमध्येच ती आपल्या डॉक्टरांकडे तपासण्या करून आली. तिची किडनी आपल्याला जुळते. नऊ किलो वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून ती मैलोन्‌मैल चालते आणि दिवसभर भट्टीपुढे उभी राहून एक बिस्कीट तोंडात टाकत नाही. चव बघायचं काम माझ्याकडे आलंय, माझ्या पँटी त्याची साक्ष देतील. आपल्याला दिलेली मापं वजन उतरल्यानंतरची होती, तिनं ती आधीच ठरवून टाकली होती. वीस तारखेला तो कोट घालून ती डॉक्टरांसमोर आपल्या शेजारी उभी राहणार होती. मग आपल्याला नाही म्हणता येणार नाही, असा तिचा हिशेब.

हे मी सांगितल्याचं कृपया तिला कळू देऊ नका.
आपला, आजपासून बहुधा बाहेरच्या खोलीत झोपणारा,
मास्तर


१४ जून

चि. ठमीस,
उरलेले सगळे आशीर्वाद.

मास्तरांनी मला काहीही सांगितलेलं नाही. त्यांना आत झोपू दे.

कोट उसवायला घेतला. कमरेतलं चार इंच कापड कापून टेबलावर ठेवलं आणि हात चालेना. तू इतकी झिजत होतीस आणि मी इथे बसून थट्टा करत होतो. दुकानाचं दार लावून रडलो. बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला सर्दी झाल्याचं सांगितलं.

खरं सांगतो, मला मरायची भीती वाटते. पण तुला माझ्यापायी काही झालं तर, ही भीती त्याहून मोठी आहे. म्हणून नको म्हणत होतो, त्यात मोठेपणा काही नव्हता. काल डॉक्टरांचं डोकं खाल्लं. ठमी एका किडनीवर नीट जगेल, हे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि मग ऑपरेशनच्या कागदावर सही केली. कोट तुझ्या मापाला केलाय. डावी बाजू तेवढी दोन बोटं सैल ठेवून आतून मऊ अस्तर लावलंय, कारण टाके तिथे येणार आहेत. यात वाद नको.

एका गोष्टीवर मात्र मी डॉक्टरांशी भांडलो. ऑपरेशनच्या दिवशी तुला आधी आत नेणार आणि मला नंतर. अंधारी खोली असो, नवी शाळा असो की थंडगार पाणी असो, आधी मी आत जायचो आणि सगळं ठीक आहे बघून मग तुला हाक मारायचो. ते म्हणाले, इथे तसं चालत नाही.

तेव्हा तू हो पुढे, ठमे. मी आलोच.
तुझा,
दादा