तुझ्या नावानं मारलेली हाक

साहामा गाव
९ ऑगस्ट

दादा,

परवा डोंगरावर दोर ताणलेला होता, वरच्या टोकाला माझ्याबरोबर चढणारी फेलिसा उभी होती आणि माझी हाक मोठ्यानं निघत नव्हती. काखेत दामियानची टोपी, हातात घंटा. फेलिसा वरून म्हणाली, "जेवायला बोलावतेस का गं? मोठ्यानं मार. डोंगर-आजोबांना हल्ली कमी ऐकू येतं."

तू बरा असशील. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे धरलेत. कळपातल्या दोन लामांना खरूज झाली आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सेवेरोच्या ट्रकमधून अरीकाला पाठवते आहे. तो बंदरावर तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज.

आपला धाकटा दामियान तसाच आहे. सकाळी भिंतीजवळच्या दगडावर बसतो. ऊन सरकतं, तो सरकत नाही. वाटी हातात दिली की जेवतो. अंधार पडला की आई दंडाला धरून त्याला आत आणते. नऊ वर्षं.

तू यायचं ठरवलं होतंस. एका वर्षी सीमेवर कागद अडले. मग कंबर. मग बंदरावर सुट्टी मिळेना. तक्रार म्हणून लिहीत नाही. आईनं या वर्षी विचारलं नाही, एवढंच सांगते. तिनं पेटीतून टोपी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

जाणत्यानं कोकाची पानं टाकून सांगितलेलं तुलाही ठाऊक आहे. दामियानचा जीव वरच बसलाय. त्याचं अंगावरचं काही घेऊन जा, नाव घेऊन बोलवा, परतताना मागं बघू नका. पण ज्यानं बसवलं त्याच्याच आवाजात बोलवा. दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही.

बसवलं तू. हे तूच सांगितलंस, पहिल्या वर्षी, पिऊन रडताना. बर्फाच्या सुळक्यांच्या वर त्याला चक्कर आली. तू वाटाड्या म्हणून नेलेले दोघं पाहुणे माथ्याचा हट्ट धरून बसले होते. तू त्याला काळ्या खडकाशी टेकवलंस आणि म्हणालास, "इथं बस. मी येईपर्यंत हलू नकोस." उतरताना बर्फ मऊ झालं होतं, म्हणून पाहुण्यांना घेऊन तू दुसऱ्या सोंडेनं खाली आलास.

दुसरा कुणी असता तर तासाभरानं उठून चालू लागला असता. वाट त्याला पाठ होती. पण आपल्या घरात थोरल्याचा शब्द मोडत नाहीत. तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी त्याला खाली आणलं तेव्हाही गुडघे सरळ होत नव्हते. पायाची सहा बोटं गेली. बाकी काय गेलं ते डॉक्टरांना सापडलं नाही.

तू गेल्यावर आम्ही तळावरच्या स्वयंपाकाच्या बायकाच पाहुण्यांना वर न्यायला दोर बांधायला लागलो. घागरा नेसूनच जातो, बुटांना काटे लावून. तू हसला असतास. मी माथ्यावर चार वेळा जाऊन आले आहे, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या सोंडेनं. काळा खडक परवा पहिल्यांदा पाहिला. तिथं काही नव्हतं. काय असणार?

आजोबांना दारू शिंपडली, पानं ठेवली. घंटा वाजवून हाक मारली, दामियान, ये, मी एवारिस्ता. तीनदा मारली. टोपी हलकीच राहिली. जीव आला की टोपी जड लागते म्हणतात.

मग मी आवाज जाड केला.

"ऊठ रे दामियान. मी तेओफिलो. मी आलोय. चल घरी."

फेलिसानं वरून दोर ओढून धरला. ती म्हणाली, "आजोबांसमोर खोटं बोललीस."

मी हो म्हटलं.

"बरं, आता वळ. आणि मागं बघू नकोस."

टोपी जड लागली. कदाचित तिच्यावर हिम धरलं असेल.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. त्या दिवशी तळावर चुलीशी मी होते. तुम्ही चौघं गेला होता, म्हणून वाळवलेल्या बटाट्याचं सूप चार वाट्यांत ओतून ठेवलं होतं. तिघंच आलात. मी विचारलं, "दामियान?" तू म्हणालास, "येतोय मागून." पाहुण्यांसमोर माणूस वर सोडून आलो म्हणायची तुला लाज वाटली. दादा, तुझ्या ओठांवरून मला तेव्हाच कळलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. अजून तीन तास उजेड होता. माझे पाय धड होते, वर जाणारी माणसं तळावर होती. एक हाक मारली असती तर चार जण उठले असते.

मी चौथी वाटी पाहुण्यांच्या वाट्यांत रिकामी केली. ते फोटो काढत होते, मला मध्ये उभं केलं. मी हसले. तो फोटो तुझ्याकडे असेल तर जाळून टाक.

नऊ वर्षं या घरात तुला शिव्या देणारी मीच. आई कधी बोलली नाही. मी थांबले असते तर ती वाटी आठवली असती.

काल संध्याकाळी खाली आले आणि टोपी दामियानच्या डोक्यावर घातली. त्यानं ती दोन्ही हातांनी कानांवर ओढली. एवढंच झालं. आई चूल फुंकत राहिली.

आज सकाळी तो दगडावर नव्हता. स्वतःहून उठून फाटकाशी गेला होता आणि अरीकाच्या रस्त्याकडे तोंड करून उभा होता. आईनं काय झालं विचारलं. तो म्हणाला, "दादा म्हणाला, मी आलोय. कुठं आहे?"

सेवेरो ट्रक सुरू करतो आहे. दामियान अजून उभा आहे.

तुझ्या नावानं बोललेली,
एवारिस्ता