नाव नसलेली पुडी

६ मार्च
आज पाटावरून कुणाचा हात न धरता उठले. लांजीकडच्या पुडीवाल्याची कृपा, दोन महिने झाले पुडी घेतेय. गुडघ्यांसाठी डॉ. नुसतं वजन कमी करा म्हणतात, हा म्हणतो सकाळी एक पुडी कोमट पाण्यात, बस. गेल्या रामनवमीला रामपायलीच्या देवळात सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीत, पाहुणीसारखी. यंदा मांडी घालून भजन म्हणणार. भजनी मंडळातल्या शांतालाही पुडी लावून दिली, आणखी दोघींना पण.

११ मार्च
सून कीर्ती म्हणते, "आई, तोंड सुजून राह्यलं तुमचं. पुडीत काय हाय, विचारलं काय?"
"जडीबुटी."
"कोन्ती?"
कोणती ते पुडीवाल्याला माहीत. तोंड सुजलेलं नाही, भरलंय. शांता तर म्हणाली, तरणी दिसून राह्यली तू.

१५ मार्च
कीर्तीने रक्त तपासायला लावलं. साखर वाढलेली. मला कधीच नव्हती. म्हणे पुडीत स्टेरॉइड असेल. डोकं फिरलं. माझे गुडघे, माझी पुडी! म्हटलं, घे, आजपासून बंद. मग बघ कशी लंगडते. डबा कपाटावर फेकला.

१८ मार्च
न्हाणीघरात चक्कर. उलट्या, हातापायांत जीव नाही. दवाखाना, सलाईन.
डॉ. म्हणाले, "माताजी, छोड़ना था, पर एकदम नहीं. शरीर को आदत पड़ गई है." आता ते गोळी देऊन हळूहळू कमी करणार.
"पण पुडीत होतं काय?"
"आप बताइए, खा तो आप रही थीं."
राग आला. शाळेत नाव न लिहिलेला पेपर मी कधी तपासला नाही. आणि नाव नसलेलं औषध रोज पोटात.

२३ मार्च
पुडीवाला बसस्टँडवर आल्याचं कळलं. कीर्तीचा हात धरून गेले.
"यात काय हाय, कागदावर लिहून द्या."
"गुरूची विद्या हाय बाई, सांगता येत नाही."
"मंग माह्या पोटात काहून घातली?"
चार माणसं जमली. तो पिशवी आवरून लांजीच्या बसमध्ये चढला.

२५ मार्च
भजनी मंडळात सगळं सांगितलं. शांता उसळली, "तूच तं लावली होती. तुले नाही पचली म्हनून आमची बंद करतं काय?"
म्हटलं, एकदम बंद करूच नका, माझ्यासारखं होईल. डॉ.कडे चला.
टाळ सुरू झाले. गुडघे पुन्हा ठणकताहेत. खुर्ची मागितली आणि मुद्दाम पहिल्या रांगेत लावली.

२६ मार्च
त्या दोघी डॉ.कडे यायला कशाबशा हौ म्हणाल्या. शांताचा फोन बंद.
उद्यासाठी ऑटो सांगून ठेवला. त्याला म्हटलं, पयले शांताबाईच्या दारात थांब. ती बाहेर येईस्तोवर मी तिथून हलणार नाही. गुडघ्यांना काय, बसायचंच तर आहे.